अंगठ्यापुरतं खरं

आकडा : २

मित्रांनो, मी एक जुना रक्तप्रवाहमापक आहे. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात, ते यंत्र तुम्ही पाहिलं असेल. तो माझा थोरला भाऊ समजा. रक्त किती जोराने ढकललं जातंय हे तो सांगतो. ते ढकललेलं रक्त शरीराच्या टोकापर्यंत, केसाहून बारीक वाहिन्यांपर्यंत पोचलं का, एवढंच मी बघतो. माझ्या पोटातून एक काचेची तार निघते आणि तिच्या टोकाला लाल उजेडाचा ठिपका आहे. तो ठिपका पायाच्या अंगठ्यावर चिकटवला की माझ्या तोंडावर आकडा उमटतो. सगळं ठीक असेल तर वीस, पंचवीस. थंडीने कातडी आखडली असेल तर आठ. खूप रक्त सांडून गेलं असेल तर चार.

आणि वाहणं थांबलं तर?

तरी शून्य नाही. दोन. ज्या अंगात काहीच वाहत नाही, त्यातलेही कण बराच वेळ थरथरत राहतात आणि मी ती थरथर मोजतो. मला बनवणारी बाई म्हणायची, "दोन दिसले की शून्य समजायचं आणि टोपी काढायची."

आत्ता मी दोनच दाखवतो आहे. घाबरू नका. माझी तार बशीतल्या मेंढीच्या मांसाच्या तुकड्यावर चिकटवली आहे. ती तिथे का आहे, ते शेवटी सांगतो.

आकडा : ४०

माझा जन्म फ्रुंझे शहरातल्या एका संस्थेच्या तळघरात झाला. त्या शहराला आता बिश्केक म्हणतात. माझ्या पाठीवरच्या पत्र्यावर मात्र अजून जुनंच नाव कोरलेलं आहे. मला एम्मा कार्लोव्हनाने बनवलं. ती जर्मन घराण्यातली. युद्धाच्या काळात तिच्या आईवडिलांना व्होल्गाकाठच्या घरातून उचलून इकडे आणून सोडलं होतं. सुटे भाग तिला कधीच पुरेसे मिळायचे नाहीत. माझं भिंग मोडक्या कॅमेऱ्यातलं, बटणं रेडिओची, आणि मागचा डावा पाय म्हणजे औषधाच्या बाटलीचं रबरी बूच.

रोज सकाळी ती माझ्या तारेचं टोक पाणी घातलेल्या दुधात बुडवायची. दुधातले कण आपोआप थरथरतात आणि ती थरथर रोज सारखी असते. आकडा चाळीस आला की म्हणायची, "आज शहाणा आहेस." छत्तीस आला की माझं पोट उघडायची.

तिच्या हाताखाली तेमिरकुल नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी होता, डोंगरातला, लांब हातापायांचा. एकदा दूध संपलं म्हणून त्याने गावाहून आणलेली बाटली काढली.

"घोडीचं आहे. जरा आंबलंय. चालेल?"

"प्यायला की मोजायला?"

"मोजून उरलं तर प्यायला."

मी एकतीस दाखवले. दोघांनी उरलेलं संपवलं.

मग मेंढ्या आल्या. एकेचाळीस. हा भाग मी पटकन सांगतो. मेंढीला भूल द्यायची, तिचं निम्मं रक्त बाटलीत काढून घ्यायचं, थांबायचं, मग तेच रक्त परत द्यायचं. पट्ट्याचा आकडा लिहायचा आणि माझा लिहायचा. तेमिरकुल प्रत्येक मेंढीपुढे दोन्ही तळहात उघडे धरून दुआ म्हणायचा आणि हात चेहऱ्यावरून फिरवायचा.

"अरे, आपण तिला कापत नाही आहोत," एम्मा चिडवायची. "रक्त परत देणार आहोत."

"मग अर्धी म्हणतो."

त्या मेंढ्यांनी आम्हाला एक गोष्ट शिकवली. रक्त परत दिलं की दाब वर यायचा आणि सगळे चहा प्यायला जायचे. माझा आकडा मात्र कधीकधी चारवरच अडून राहायचा. त्या मेंढ्या संध्याकाळपर्यंत मरायच्या. तेमिरकुलने वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं : दाब खोटं बोलतो, अंगठा खरं बोलतो. मेंढीला अंगठा नसतो, माझी तार तिच्या ओठाला लावलेली असायची. पण त्याने अंगठाच लिहिलं. तेव्हाच त्याच्या डोळ्यांपुढे माणसं होती.

आणखी एक गोष्ट घडली ती त्याने वहीत लिहिली नाही. तेविसावी मेंढी मरून पडली होती. मी दोनवर. तेमिरकुल तिच्याच टेबलावर कोपर टेकून आकडे उतरवत होता. अचानक मी तीस दाखवले.

"जिवंत आहे!" तो ओरडला. "एम्मा कार्लोव्हना, ती परत आली!"

एम्मा हसून हसून भिंतीला टेकली. "तुझं कोपर काढ, मूर्खा. टेबल जिवंत आहे." मग डोळे पुसत म्हणाली, "हा बिचारा हालचाल मोजतो. कोणाची, ते बघायला त्याला डोळे दिले नाहीत मी. ते तुला आहेत."

तेमिरकुलही हसला. हसण्यावारी गेलेलं वहीत उतरत नाही.

आकडा : (बंद)

या भागात सांगण्यासारखं काही नाही. मॉस्कोतून चालणारा मोठा देश फुटला. एम्मा कार्लोव्हना जर्मनीला गेली. जाताना तिने माझं टोक दुधात बुडवलं, चाळीस बघितले आणि मला बंद केलं. पुढची अकरा वर्षं मी एका लोखंडी कपाटात होतो. एका उंदराने माझी विजेची दोरी कुरतडली. एवढंच.

आकडा : ८, १३, २०

तेमिरकुलने मला शोधून काढलं. तो आता डॉक्टर होता, खिंडीपलीकडच्या एका लहान रुग्णालयातला एकुलता एक डॉक्टर. हाडं तोच बसवायचा, बाळंतपणं तोच करायचा. त्याने मला मेंढीच्या लोकरीत गुंडाळून जीपच्या पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः वाटभर माझ्याशी बोलत आला.

तिथली पहिली वर्षं माझ्या कौतुकाची होती. घोड्यावरून पडून पोटात रक्त साठलेला एक मेंढपाळ आला. दाब उत्तम, माझा आकडा पाच. तेमिरकुल म्हणाला, "पट्ट्यावर जाऊ नका," आणि त्याने पोट उघडलं. फुटलेली प्लीहा निघाली. पुढे आठ, तेरा, वीस असा मी चढत गेलो, तसा माणूस परत आला. त्याने रुग्णालयाला एक मेंढा दिला आणि माझ्या खोक्यावर हात फिरवून गेला. अनारकान नावाची एक वयस्क नर्स होती. तेमिरकुल तिला एजे, म्हणजे थोरली बहीण म्हणायचा. ती सकाळी आपल्या चहातलं दूध काढून माझं टोक बुडवायची आणि म्हणायची, "आधी या नवाबाचा नाश्ता."

मित्रांनो, कौतुक वाईट असतं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसांत तेमिरकुल खोलीत शिरला की आधी माझ्याकडे बघायचा. माणसाकडे नंतर.

आकडा : ४

फेब्रुवारी महिना. खिंड बर्फाने बंद. सकाळी सात वाजता बुरुलचा नावाच्या एका सुनेला मुलगी झाली. पहिलंच मूल. नवरा मॉस्कोत बांधकामावर होता. सासू सेयिलकान-आपा बाहेरच्या बाकावर बसून होती. मुलगी रडली आणि त्यामागोमाग रक्त सुरू झालं. ते दोन तास थांबेना. चादरी बदलल्या, इंजेक्शनं दिली, तेमिरकुल मुठीने गर्भाशय दाबून धरून उभा राहिला. नऊ वाजता बाहेरचं रक्त थांबलं. गावातल्या चार जणांनी ओळीने बसून एकेक बाटली रक्त दिलं होतं. यापुढे खिंड उघडेपर्यंत रक्त मिळणार नव्हतं.

माझी तार बुरुलचाच्या उजव्या अंगठ्यावर होती. दाब पंचाण्णव. मी चार.

"आत कुठेतरी अजून गळतंय असं मला वाटतं," तेमिरकुल हळू आवाजात अनारकानला म्हणाला. "पण या अवस्थेत भूल देऊन पोट उघडलं तर टेबलावरच जाईल. दोन बाटल्या चढू देत. अकरापर्यंत अंगठा बारावर आला तर गळती थांबली असं धरायचं. नाही आला तर उघडायचं. मग मिनिटभरही थांबायचं नाही."

"आणि दाब?"

"दाबाचं मला सांगू नका, एजे."

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आरडाओरडा झाला. तिथे जुळी अडली होती. तो धावला.

आकडा : ५

दहा वाजून वीस मिनिटांनी दार किलकिलं झालं.

"आपा, आत यायचं नाही," अनारकान म्हणाली.

"मी कुठे येतेय? पाय बघते आणि जाते." सेयिलकान-आपा आत आलेलीच होती. "हे बघ, बर्फ झालेत. बाळंतिणीच्या पायांना गारठा बाधला तर ती जन्मभर गुडघे धरून बसते. तुमच्या पुस्तकात नसेल. माझ्या गुडघ्यांत आहे."

तिने कोटाखालून बरणी काढली. मेंढीच्या शेपटाची चरबी, व्हरांड्यातल्या शेगडीवर गरम केलेली. दुसऱ्या खिशातून उंटाच्या लोकरीचे मोजे. आमच्याकडे बाळंतिणीच्या सासूला ही दोन कामं करू न देणं म्हणजे तिला घराबाहेर काढण्यासारखंच. अनारकानला हे माहीत होतं. तिच्या सासूनेही तिचे पाय असेच चोळले होते.

"ही कसली जळू लावलीय?"

"हात लावू नका. यंत्र आहे ते. तो आकडा वर गेला की तुमची सून वाचली."

"किती व्हायला हवा?"

"बारा."

"आणि आत्ता?"

"पाच."

"बारा म्हणजे काही फार नाही," आपा म्हणाली, आणि डोक्याचा रुमाल मागे सारून खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली.

मित्रांनो, तिने मला हात लावला नाही. माझी तार, माझी पट्टी, सगळं सांभाळून तिने टाच चोळली, तळवा चोळला, पोटरी चोळली. तिच्या हातांत बळ होतं. जन्मभर ते हात लोकर पिंजत, दही घुसळत आले होते.

७. ९. १४. १९.

"चढला बघ!" आपा म्हणाली. "तुझ्या जळूला पण चरबी आवडते."

"आपा," बुरुलचा पुटपुटली, "पोट दुखतंय."

"दुखणारच. पोरं काय ढेकर देऊन येतात?"

बुरुलचा थोडी हसली. "तुमचे हात दुखतील."

"माझे हात तुझ्या नवऱ्याला वाढवूनही दुखले नाहीत. तू गप पड."

आकडा : १९

अकरा वाजता तेमिरकुल दारात आला. कोपरापर्यंत रक्त. तिकडे एक बाळ बाहेर आलं होतं, दुसरं आडवं होतं. गेल्याच महिन्यात नातेवाइकांना आत घेतल्यावरून त्याने अनारकानला सगळ्यांसमोर बोल लावले होते. म्हणून ती खाटेच्या पायथ्याशी अशी उभी राहिली की मागे बसलेली आपा दिसू नये. आपानेही मान खाली घातली. हात मात्र चालूच होते.

"अंगठा?"

"एकोणीस!"

त्याने चौकटीला डोकं टेकवून डोळे मिटले. "पोचलं," तो म्हणाला. "रक्त पोचलं, एजे. उघडायचं नाही. उरलेल्या दोन बाटल्या राखून ठेवा."

दार मिटलं.

आपाने वर बघितलं. "वाचली ना?"

"वाचली, आपा."

"मग मी थांबत नाही."

आकडा : ९, ६, १७

पावणेबाराला आपाची बोटं आखडली. तिने हात मांडीवर ठेवले. मी उतरू लागलो. अनारकानने पट्टा बांधला आणि दारातून हाक दिली, "तेमिरकुल! दाब पंच्याऐंशी!"

"अंगठा?"

आपाने ते ऐकलं. तिला आता कळलं होतं की डॉक्टरला काय हवं असतं. ती पुन्हा वाकली.

"सतरा!"

"मग ठीक आहे. पट्टा सैल बांधला असेल."

मित्रांनो, मी तिथेच होतो. माझ्याकडे वाचा नाही, आकडा आहे. मी सतरा म्हणालो.

साडेबाराच्या सुमाराला बुरुलचा म्हणाली, "तिला आणा ना. पाजायचंय." कोणी आणायच्या आत तिचे डोळे मिटले.

"झोप लागली," आपा कुजबुजली. "पाय गरम झाले की झोप लागते."

आकडा : २२

दुसरं बाळही जगलं. तेमिरकुल हात धुऊन, हसतच आत आला. आधी त्याने मला बघितलं. बावीस. मग बुरुलचाचा चेहरा बघितला. तो मेणाचा झाला होता. मनगटाला नाडी नव्हती. त्याने चादर वर केली, पोट दगडासारखं. त्याने पुन्हा माझ्याकडे बघितलं. बावीस. मग त्याला चरबीचा वास आला आणि तो खाटेला वळसा घालून पायथ्याशी आला.

"आपा, पाय सोडा."

"आत्ताच तर बावीस झालाय, लेका."

"सोडा!"

तिने सोडला.

२२. ९. ४. ३.

तेमिरकुलच्या तोंडून एक शब्द निघाला, तो त्या खोलीत फक्त मला कळला. तो म्हणाला, "टेबल."

खाट ढकलत शस्त्रक्रियेच्या खोलीत नेली. माझी तार काढायला कोणाला सुचलं नाही, मीही फरफटत गेलो. त्याने पोट उघडलं. गर्भाशयाच्या मागच्या बाजूला, जिथे बाहेरून काही दिसत नाही, तिथे एक चीर होती. चार तास ती पोटातच गळत होती. त्याने ती शिवली. राखून ठेवलेल्या दोन्ही बाटल्या दिल्या. छाती दाबली, किती वेळ ते अनारकानने लिहिलं नाही. तो दाबायचा तेव्हा मी सहा, सात दाखवायचो. थांबला की तीन.

तीन.

तीन.

आकडा : २

तेमिरकुलने टोपी काढली.

आकडा : (दुरुस्ती)

मित्रांनो, वर मी लिहिलं की बावीस. ते दुरुस्त करावं म्हटलं तर दुरुस्त काय करू? गरम चरबीने कातडी खरंच थोडी उमलली होती. तेवढं रक्त खरं होतं, पण ते त्या पावलापुरतं, अंगठ्यापुरतं. उरलेलं मी ज्या हालचालीतून मोजलं ती एका म्हाताऱ्या हाताची होती. बावीसमधलं सुनेचं रक्त किती आणि सासूचा हात किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

चाळिसाव्या दिवशी, मयताचं जेवण झाल्यावर, सेयिलकान-आपा रुग्णालयात आली. फडक्यात तळलेल्या पावाचे तुकडे बांधलेले, पाठीवर नात. तेमिरकुल उभा राहिला.

"आपा, चूक माझी होती," तो म्हणाला. "मी पोट उघडायला हवं होतं. मी यंत्राकडे बघत बसलो."

"तू दोन बायांत धावत होतास. मी बघितलं ना." ती बाकावर टेकली. तिची नजर कपाटावर ठेवलेल्या माझ्याकडे गेली. "मला एकच सांग, लेका. तू खरं सांगशील म्हणून आले. मी मध्ये थांबले होते. बोटं आखडली म्हणून. पावणेबाराला. तेवढं थांबले नसते, तर?"

तेमिरकुलने तोंड उघडलं. दोन्ही उत्तरं त्याच्याजवळ होती. खरं उत्तर दिलं असतं तर त्या हातांचं काय झालं असतं?

"तेवढ्याने काही झालं नसतं, आपा," तो म्हणाला. "तुम्ही होता म्हणून तिचे पाय शेवटपर्यंत गरम राहिले."

"हो ना," ती म्हणाली. "गरम होते." मग तिने फडकं सोडलं. "घे, खा. तिच्या नावाचं आहे."

त्याने खाल्लं. ती गेल्यावर त्याने मला उचललं आणि कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

आकडा : (बंद), नऊ वर्षं

आकडा : २

आता तेमिरकुलचे केस पांढरे आहेत. खालच्या शहरातल्या नर्सांच्या शाळेत तो वर्षातून एकदा शिकवायला येतो आणि मला घेऊन येतो. माझं बूच दोनदा बदललं आहे. कोणी मला नवाब म्हणत नाही. आजच्या यंत्रांना रंगीत पडदे आहेत, ती माझ्याहून शंभर पटीने हुशार आहेत. डोळे मात्र त्यांनाही नाहीत.

तो दर वर्षी सकाळी बाजारातून मेंढीच्या मांसाचा तुकडा आणतो. माझं टोक आधी दुधात बुडवतो, चाळीस बघतो, मग तार मांसावर चिकटवतो. मुलींना सांगतो, "हे मेलेलं आहे. हे किती दाखवतंय ते लिहून घ्या." त्या दोन लिहितात. मग तो एकीला जवळ बोलावतो आणि म्हणतो, "हात दे. आता तुकड्याची ही बाजू चोळ. प्रेमाने. तुझ्या घरचं कोणी आहे असं समजून." बाकीच्यांना तो डोळे मिटायला लावतो आणि फक्त आकडा वाचून दाखवतो.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी माझ्यासारखे जुने नग म्हणतात, आमची काळजी घ्या, आम्हाला पुसा, कपाटात टाकू नका. मला पुसलं तर मला बरं वाटेल, खोटं कशाला बोलू? पण माझी तेवढीच मागणी नाही. मला बघायच्या आधी तोंड बघा. पोटाला हात लावा. पोट दुखतंय असं कोणी म्हणालं, तर ते माझ्या आकड्याहून मोठ्याने ऐका. पायथ्याशी कोणी बसलं असेल तर त्यांना लपवू नका, आणि हाकलूही नका. त्यांना विचारा, तुम्ही काय करताय.

दार उघडलं. मुली आल्या. यंदा पुढच्या बाकावर एक लांब वेणीची मुलगी आहे. तिला तेमिरकुलने बोलावलं, तिने बाह्या वर केल्या. बाकीच्यांनी डोळे मिटले.

सात. नऊ. चौदा.

मित्रांनो, आकडा चढतो आहे. हात कोणाचा आहे, ते आधी बघा.